‘कुशीनगर एक्सप्रेस’ कुशीनगरला जात नाही!

मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून रोज एक गाडी सुटते. तिचे नाव ‘कुशीनगर एक्सप्रेस’. नाशिक, भुसावळ, भोपाळ, झाशी, लखनौ असा तीस तासांहून अधिक प्रवास करून ती गोरखपूरला पोहोचते आणि तिथेच थांबते. तथागतांचे महापरिनिर्वाण ज्या भूमीवर झाले, ते कुशीनगर तिथून अजून पन्नास-पंचावन्न किलोमीटर पुढे आहे. कुशीनगरच्या महापरिनिर्वाण स्थळाला रेल्वे स्थानकच नाही. गाडीला नाव मिळाले, गावाला गाडी मिळाली नाही.

महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांच्या धम्मयात्रेची आजची अवस्था या एका गाडीत दिसते. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की आजी-आजोबांना आणि मुलांना घेऊन बोधगया, सारनाथ, राजगीर, नालंदा, कुशीनगर, लुंबिनी पाहून यावे असे आपल्या वस्त्यांमध्ये अनेकांच्या मनात असते. आपल्याकडे ही नुसती सहल नसते. शिक्षकाने, सफाई कामगाराने, अंगणवाडी सेविकेने वर्षानुवर्षे पैसे बाजूला टाकून आयुष्यात एकदा करायची ती यात्रा असते. म्हणून या प्रवासाचा सार्वजनिक वाहतुकीच्या बाजूने विचार करणे आम्हाला गरजेचे वाटते.

विमानतळ झाले, बसथांब्याचे काय?

गेल्या काही वर्षांत ‘बुद्धिस्ट सर्किट’ हा शब्द सरकारी भाषणांत सतत ऐकू येतो. कामे झालीच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. २० ऑक्टोबर २०२१ रोजी कुशीनगरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे २६० कोटी रुपये. पहिले विमान श्रीलंकेतून भिक्खू आणि मान्यवरांना घेऊन आले. पुढे दिल्लीची विमानसेवा सुरू झाली, पण ती टिकली नाही. मार्च २०२४ मध्ये श्रावस्तीच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. १६ मे २०२२ रोजी, बुद्ध पौर्णिमेला, पंतप्रधान कुशीनगरहून लुंबिनीला हेलिकॉप्टरने गेले. त्याच दिवशी नेपाळमध्ये भैरहवा येथील गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. जुलै २०२५ मध्ये वैशालीत बुद्ध सम्यक दर्शन संग्रहालय व स्मृती स्तूपाचे लोकार्पण झाले.

रेल्वेची खास गाडीही आहे. २००७ पासून ‘महापरिनिर्वाण एक्सप्रेस’ ही पर्यटक गाडी दिल्लीहून आठ दिवसांची फेरी करते. संपूर्ण वातानुकूलित, जेवण-हॉटेल-गाइडसह. तिचा मुख्य ग्राहक परदेशी पर्यटक आहे, आणि महाराष्ट्रातल्या माणसाला ती पकडायला आधी दिल्ली गाठावी लागते. १४ एप्रिल २०२३ रोजी ‘भारत गौरव’ योजनेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यात्रेची गाडीही दिल्लीहूनच निघाली. महू, नागपूर, सांची, सारनाथ, गया, राजगीर, नालंदा असा तिचा मार्ग होता. उपक्रम स्वागतार्ह होता. पण अशा गाड्या विशेष प्रसंगाच्या असतात. आपल्या मुलांच्या सुट्टीच्या तारखेला आणि आपल्या खिशाला जुळेल अशी ती रोजची सेवा नसते.

परदेशी पाहुणे यावेत, डॉलर यावेत, स्थानिकांना रोजगार मिळावा, याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न साधा आहे. या सर्किटच्या नकाशात स्लीपर कोचचे तिकीट काढून येणारे पाच जणांचे कुटुंब कुठे आहे?

नकाशावर बोट ठेवून पाहू

समजा नाशिकचे एक कुटुंब आहे. आई-वडील, दोन मुले आणि सत्तरीची आजी. खासगी गाडी न करता, रेल्वे आणि बसने त्यांना ही यात्रा करायची आहे. कशी होईल?

प्रयागराजमार्गे जाणारी मुंबई–हावडा मेल नाशिक, भुसावळमार्गे थेट गयेला जाते. पश्चिम महाराष्ट्रातल्यांना कोल्हापूर–धनबाद ‘दीक्षाभूमी एक्सप्रेस’ही गयेला नेते, पण ती आठवड्यातून एकदाच. गयेहून बोधगया बारा-पंधरा किलोमीटर. इथे रेल्वे नाही, रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागते. बोधगयेहून परत गयेला येऊन राजगीर गाठता येते. राजगीर आणि नालंदा एकाच रेल्वेमार्गावर आहेत, बारा-तेरा किलोमीटरच्या अंतराने. तीच लाईन बख्तियारपूरला मुख्य मार्गाला मिळते आणि पाटण्याला पोहोचवते.

पाटण्याहून गंगा ओलांडली की हाजीपूर, आणि तिथून वैशाली. वैशालीला आता स्टेशन आहे. हाजीपूर–सुगौली या नव्या मार्गाची पायाभरणी २००४ साली झाली आणि वैशालीपर्यंतचा टप्पा सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. तीसेक किलोमीटरच्या या टप्प्याला सोळा वर्षे लागली. हाजीपूर-मुजफ्फरपूर बाजूने गोरखपूरला गाड्या आहेत. जून २०२५ पासून पाटलीपुत्र–गोरखपूर वंदे भारतही आहे, पण तिला स्लीपर किंवा जनरल डबा नाही. पाच जणांचे तिकीट काढताना हा फरक लगेच कळतो.

गोरखपूरला उतरलो. इथला फलाट जगातल्या सर्वांत लांब फलाटांपैकी एक. पण त्या फलाटावरून बाहेर पडलेल्या यात्रेकरूला कुशीनगरची बस किती वाजता आणि नेमकी कुठून सुटते, हे विचारत फिरावे लागते. बस कसयाला हमरस्त्यावर सोडते. तिथून महापरिनिर्वाण मंदिरापर्यंत पुन्हा रिक्षा.

लुंबिनीसाठी गोरखपूरहून नौतनवापर्यंत रेल्वे आहे. नौतनवा ते सोनौली सीमा सात-आठ किलोमीटर, आणि सीमेपासून भैरहवामार्गे लुंबिनी आणखी पंचवीस-तीस किलोमीटर. श्रावस्तीसाठी गोरखपूर–गोंडा या लूप लाईनवरचे बलरामपूर स्टेशन, तिथून सतरा-अठरा किलोमीटर रस्ता. याच लूप लाईनवर सिद्धार्थनगर स्टेशन आहे, ज्याला लोक नौगढ म्हणतात. तिथून वीसेक किलोमीटरवर पिपरहवा आहे. परतीला गोरखपूर किंवा गोंड्याहून वाराणसी. सारनाथला स्वतःचे स्टेशन आहे, वाराणसीपासून अंतर दहा किलोमीटर. तिथून महानगरी एक्सप्रेसने घर.

आता हिशोब करू. सारनाथ, राजगीर, नालंदा आणि वैशाली ही चार ठिकाणे रेल्वेने जोडलेली आहेत. तुटलेले दुवे पाचच: गया–बोधगया, गोरखपूर–कुशीनगर, नौतनवा–लुंबिनी, बलरामपूर–श्रावस्ती आणि सिद्धार्थनगर–पिपरहवा. या पाचही तुकड्यांची एकेरी बेरीज दीडशे किलोमीटरच्या आत येते. हजारो किलोमीटरचा प्रवास रेल्वेने होतो, आणि यात्रा अडते ती या दीडशे किलोमीटरवर. या टप्प्यांवर बस किंवा जीप अजिबात नाही असे नाही. पण ती गाडीच्या वेळेशी जोडलेली नाही, तिचा फलक नाही, संध्याकाळनंतर तिचा भरवसा नाही. आजी आणि सामान बरोबर असले की कुटुंब नाइलाजाने खासगी गाडी करते. मग ड्रायव्हर जे सांगेल ते भाडे आणि जे दाखवेल ते हॉटेल.

पिपरहव्याची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तिथल्या स्तूपात सापडलेल्या रत्नांचा हाँगकाँगमध्ये होणारा लिलाव २०२५ च्या मे महिन्यात भारत सरकारच्या आक्षेपामुळे थांबला आणि जुलैमध्ये ती रत्ने भारतात परत आली. साऱ्या देशाने त्याचा आनंद साजरा केला. ज्या मातीतून ती रत्ने निघाली, तिथे स्टेशनवरून थेट नेणारी वेळापत्रकातली बस हवी, ही मागणी त्या आनंदाच्या तुलनेत किती छोटी आहे!

शेवटचे काही मैल

हा शेवटच्या मैलाचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत दोन प्रवास नोंदवले आहेत. १९०१ साली लहानगा भीम भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनपर्यंत रेल्वेने सुखरूप आणले. अडचण तिथून पुढे सुरू झाली. मुले महार आहेत कळताच बैलगाडीवाले नेईनात. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी स्वतः हाकायची, या अटीवर गाडी मिळाली. पुढे १९२९ साली, बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना चाळीसगाव स्टेशनवर टांगेवाल्यांनी नेण्यास नकार दिला. वस्तीतल्या माणसाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, तो हाकला आणि अपघात झाला.

दोन्ही प्रसंगांत रेल्वेने तिकीट घेणाऱ्याला नेले. स्टेशनच्या बाहेर, जिथे सार्वजनिक व्यवस्था संपत होती आणि खासगी मर्जी सुरू होत होती, तिथे माणूस अडला. आज आपण मसूर-चाळीसगावच्या काळात नाही. आज अडवणूक बहुधा पैशाच्या भाषेत होते. पण धडा तोच आहे. ज्याच्या हातात सत्ता आणि पैसा नाही, त्याला सन्मान सार्वजनिक व्यवस्थेतूनच मिळतो. फलकावर लिहिलेली वेळ आणि तिकिटावर छापलेले भाडे सगळ्यांना सारखे असते. म्हणून सरकारी बसची मागणी ही आपल्यासाठी सोयीपुरती गोष्ट नाही.

आणि हे बौद्ध परंपरेलाही धरून आहे. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याच्या कडेला वडाची झाडे लावल्याचे, आमराया केल्याचे, ठरावीक अंतरावर विहिरी खणल्याचे आणि विश्रामस्थाने बांधल्याचे नमूद आहे. माणसांना आणि जनावरांना सोय व्हावी म्हणून. तोच अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी स्वतः लुंबिनीला गेला, तिथे शिलास्तंभ उभारला आणि त्या गावाचा कर कमी केला. तो लेख आजही लुंबिनीत उभा आहे. सर्किट म्हणजे काय, याचे बावीसशे वर्षांपूर्वीचे उत्तर सावली, पाणी, मुक्काम आणि करसवलत असे होते.

बाबासाहेबांनीही आयुष्याच्या शेवटी ही वाट धरली. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेनंतर, प्रकृती ढासळलेली असताना, त्यांनी लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर या ठिकाणांना भेट दिली. ३० नोव्हेंबरला ते दिल्लीला परतले आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आपल्या घरातल्या आजीला ही चार ठिकाणे डोळ्यांनी पाहायची असतात, त्यामागे हेही कारण असते.

भार कोणावर?

याच आजीच्या तिकिटाकडे पाहू. २० मार्च २०२० पर्यंत रेल्वेत ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के आणि ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के सवलत होती. कोविडच्या कारणाने ती बंद झाली. कोविड गेला, सवलत परत आली नाही. महाराष्ट्रात एसटीने मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आणि त्याआधी २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला. त्यामुळे संभाजीनगरहून अजिंठा-वेरूळ पाहणे आपल्या घरातल्या महिलांना सोपे झाले. पण ती सवलत राज्याच्या सीमेवर संपते. धम्मयात्रेचा खरा पल्ला तर तिथूनच सुरू होतो.

‘इतके प्रवासीच नाहीत, मग बस कशी परवडेल?’ असे उत्तर नेहमी मिळते. पण बस नाही म्हणून लोक खासगी गाडी करतात आणि लोक खासगी गाडी करतात म्हणून मागणी दिसत नाही. हे चक्र कुणीतरी तोडावे लागते. विमान उडत नसताना विमानतळ बांधताना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मग दोन बसगाड्यांच्याच वेळी तो का विचारावा?

घोषणांची कमतरता नाही. बहराइच–खलीलाबाद हा श्रावस्ती, बलरामपूर, बांसीमार्गे जाणारा २४० किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मंजूर केला. खर्च सुमारे ४९४० कोटी आणि पूर्ततेचे लक्ष्य २०२४-२५ होते. ते लक्ष्य हुकले. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात बोधगया–राजगीर–वैशाली–दरभंगा रस्त्याची घोषणा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये बख्तियारपूर–राजगीर–तिलैया मार्गाच्या १०४ किलोमीटर दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली. ही कामे झाली तर फायदा नक्की आहे. पण रूळ टाकायला दहा वर्षे लागतात, बसचे वेळापत्रक जोडायला दहा वर्षे लागत नाहीत.

आपण काय मागायचे?

आम्हाला वाटते की तरुण कार्यकर्त्यांनी मोघम ‘विकास’ मागू नये, मोजून मागावे.

१. वर सांगितलेल्या पाच दुव्यांवर मुख्य गाड्यांच्या वेळेशी जोडलेल्या सरकारी बस. लुंबिनीच्या बाबतीत सीमेपर्यंत उत्तर प्रदेश परिवहनची आणि पुढे नेपाळशी बोलून ठरवलेली सेवा.

२. गोरखपूर, गया, बलरामपूर, नौतनवा या स्थानकांवर हिंदी, इंग्रजी आणि मराठीत बसची वेळ, थांबा आणि भाडे सांगणारे फलक. महाराष्ट्रातून येणाऱ्या उपासक-उपासिकांची संख्या पाहता मराठीची मागणी गैर नाही.

३. रेल्वे व बसचे एकत्र तिकीट, ‘कुशीनगर एक्सप्रेस’पासून सुरुवात करून. मुंबईतच कुशीनगरपर्यंतचे तिकीट मिळावे. मग गाडीचे नाव खरे ठरेल.

४. ‘दीक्षाभूमी एक्सप्रेस’च्या फेऱ्या वाढवाव्यात. सुट्टीच्या काळात नागपूर, संभाजीनगर, पुण्याहून गया-वाराणसीला स्लीपर व जनरल डब्यांच्या विशेष गाड्या सोडाव्यात.

५. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत पूर्ववत करावी.

मागून काय मिळते, असे म्हणणाऱ्यांनी ६ डिसेंबर आठवावा. महापरिनिर्वाण दिनाला नागपूर आणि मुंबईच्या दरम्यान मध्य रेल्वे विशेष अनारक्षित गाड्या सोडते. लाखो लोक शिस्तीत आले, येतच राहिले, म्हणून प्रशासनाला ती व्यवस्था करावी लागली. फेब्रुवारी २०२५ पासून महाबोधी महाविहाराच्या मुक्तीसाठी बोधगयेत सुरू झालेल्या आंदोलनातही महाराष्ट्रातून माणसे गेली, ती बहुतेक स्लीपर आणि जनरल डब्यातूनच. महाविहार आपल्या हाती यावे ही मागणी करताना तिथवर पोहोचण्याची वाटही आपलीच मागणी असायला हवी.

तोवर काय करायचे?

व्यवस्था सुधारेपर्यंत यात्रा थांबवायची गरज नाही. रेल्वेचे सर्क्युलर जर्नी तिकीट फार कमी लोकांना माहीत असते. जिथून निघालो तिथेच परत यायचे असेल तर पूर्ण फेरीचे एकच तिकीट काढता येते, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबता येते, आणि अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा खर्च कमी होतो. मार्ग लिहून मोठ्या स्थानकाच्या बुकिंग कार्यालयात किंवा विभागीय वाणिज्य कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. प्रत्येक टप्प्याचे आरक्षण मात्र वेगळे करावे लागते. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, तेव्हा सुट्टीच्या तारखा आधीच ठरवा.

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुके असते, गाड्या तासन् तास उशिरा धावतात, म्हणून दोन गाड्यांमध्ये मोकळा वेळ ठेवा. मे-जूनच्या उन्हात ज्येष्ठांना नेणे टाळा. लुंबिनीसाठी मोठ्यांनी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट बरोबर ठेवावा. एका फेरीत सगळे पाहायचा हट्ट नको. एका सुट्टीत गया, राजगीर, नालंदा, सारनाथ आणि दुसऱ्या सुट्टीत गोरखपूर मुक्कामी राहून कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती, अशी विभागणी केली तर मुलांनाही शांतपणे समजते.

आणि एक काम विहारांतल्या तरुणांनी हाती घ्यावे. दर वर्षी यात्रेहून परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडून माहिती लिहून घ्या: कोणत्या स्टेशनवर किती वाजता उतरलो, पुढची बस मिळाली का, किती वाट पाहिली, किती भाडे दिले. शंभर कुटुंबांची अशी वही झाली की ती खासदाराच्या टेबलावर ठेवता येते, रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समितीपुढे मांडता येते, माहिती अधिकाराच्या अर्जाला जोडता येते. भावनेला उत्तर म्हणून आश्वासन मिळते. आकड्यांना उत्तर द्यावेच लागते.

तथागत ऐंशीव्या वर्षी राजगृहाहून नालंदा, पाटलीग्राम, वैशाली असे पायी चालत कुशीनगरला पोहोचले. त्याच वाटेवर आज सत्तरीतल्या आपल्या आजीला सन्मानाने, ठरलेल्या वेळी, छापील भाड्यात नेणारी एक बस असावी, एवढेच आपण मागतो आहोत.

नमो बुद्धाय, जय भीम.